मोटर बंद आहे, पण सप्लाय तुटलाय का?

बोईसरला मामांच्या घरी ताटं उचलली की जेवणाच्या टेबलावर कागद पसरतात, हे आमच्याकडं नवं नाही. मामांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सगळी नोकरी काढली. वायरमन म्हणून लागले, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. माझी धाकटी बहीण पुण्यात एका सल्लागार कंपनीत कारखान्यांच्या विजेची आखणी करते. मी वायरमन आणि ऑपरेटर मंडळींना वीजसुरक्षा शिकवतो, त्यामुळं या दोघांच्या वादात माझी वही नेहमी उघडी असते.

या खेपेला धाकटीनं एका नव्या कारखान्याच्या सॉल्व्हंट टाक्यांच्या आवाराचं ड्रॉइंग आणलं होतं. मामांनी चष्मा चढवला, टोल्युइनच्या पंपांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

मामा : पंपाजवळ आयसोलेटर कुठंय गं?

धाकटी : नाहीये मामा. एमसीसीला आहे, कुलूप घालता येईल असा. पंपापाशी फक्त एफएलपी पुश बटण स्टेशन.

मामा : आणि एमसीसी?

धाकटी : कंट्रोल बिल्डिंगमध्ये. एकशे ऐंशी मीटर.

मामा : म्हणजे पंपाशी उकिडवा बसलेला माणूस इथं आणि त्याचा जीव एकशे ऐंशी मीटरवर, भिंतीपलीकडं.

इथून जे सुरू झालं ते दुपारचा चहा होईपर्यंत चाललं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. आयसोलेटर म्हणजे पुरवठा तोडणारा, हातानं फिरवायचा स्वीच. एमसीसी म्हणजे मोटर कंट्रोल सेंटर, सगळ्या मोटरींचे स्वीच आणि कॉन्टॅक्टर एकत्र असतात ते पॅनेल. एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ. टोल्युइन म्हणजे रंगाच्या थिनरमध्ये असतं ते. त्याची वाफ ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी सुटते, म्हणजे बोईसरमध्ये वर्षातला असा एकही दिवस नाही की ते पेटायला तयार नसतं. वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकते आणि केबलच्या ट्रेंचमध्ये, पंपाच्या पायाजवळच्या खड्ड्यात साचते. हवेत ती एक टक्क्याच्या थोडी वर गेली की ठिणगीची वाट पाहत असते, आणि ती ठिणगीही मिलिज्यूलच्या पाव भागाची पुरते. घरातला दिव्याचा स्वीच दाबताना आत उडते ती ठिणगी याहून कितीतरी मोठी असू शकते. म्हणून अशा आवाराचे झोन पाडतात. वाफ कायम किंवा बराच काळ असते तो झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून येऊ शकते तो झोन १, एरवी येत नाही आणि आलीच तर थोडा वेळ टिकते तो झोन २. धाकटीच्या ड्रॉइंगवर पंपांभोवतीचा तुकडा झोन १ होता.

अशा जागी वीज तोडल्याशिवाय कुणाला मोटरला हात लावू देता येत नाही, आणि वीज तोडायला गेलं की तोडणाऱ्या संपर्कातच ठिणगी उडते. त्यामुळं तोडायचं कुठं, हा प्रश्न इतर कारखान्यांत सोयीचा असतो आणि इथं जिवाचा होतो.

मामांनी पहिल्यांदा कायदा काढला. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला पन्नासावा नियम त्यांना अजून पाठ आहे. प्रत्येक मोटरचा पुरवठा तोडणारा लिंक्ड स्वीच मोटरलगत, हात सहज पोचेल अशा जागी हवा.

धाकटी : मामा, तो नियम जुना झाला. आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम आहेत. आणि तुमच्या त्या जुन्या नियमातही ‘किंवा’ होतं. लिंक्ड स्वीच, किंवा सर्किट ब्रेकर, किंवा हातानं रिसेट करायचं इमर्जन्सी ट्रिपिंगचं साधन. पंपाजवळ लाल मशरूम बटण मी दिलंय. दाबलं की खाली अडकून बसतं, फिरवल्याशिवाय सुटत नाही.

मामा : मशरूम बटण मोटर थांबवतं. सप्लाय तोडतं का?

धाकटी गप्प बसली, कारण उत्तर तिलाही माहीत होतं. ते बटण कंट्रोल सर्किटमध्ये असतं. दाबलं की तिकडं एमसीसीत कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते आणि कॉन्टॅक्टर उघडतो. उघडायला हवा, असं म्हणू. ज्यानं जुन्या पॅनेलमध्ये काम केलंय त्यानं एकमेकांना वितळून चिकटलेले कॉन्टॅक्ट पाहिलेले असतात. कॉइल सुटलेली, एखादी फेज मात्र चिकटूनच. मोटर फिरत नाही म्हणून टर्मिनल बॉक्स उघडणारा माणूस त्या जिवंत फेजवर हात घालतो. धावती मोटर झटकन थांबवायला मशरूम बटण हवंच, पण त्याच्या भरवशावर मोटर उघडायची परवानगी कुणी देऊ नये.

धाकटी : कबूल. म्हणून तर कामाच्या वेळी एमसीसीत आयसोलेटर खाली आणि त्यावर कुलूप. भारतानं स्वीकारलेल्या आयएस/आयईसी ६००७९ चा चौदावा भाग तेच सांगतो. प्रत्येक सर्किटला किंवा सर्किटांच्या गटाला वेगळं तोडायची सोय हवी, सगळ्या तारा तुटल्या पाहिजेत, आणि कुठलं सर्किट आहे ते शेजारीच ठळक लिहिलेलं हवं. मोटरच्या शेजारीच तोडा असं तो म्हणत नाही.

मामा : कागदावर सगळं ठळक असतं.

मग त्यांनी एक प्रसंग सांगितला. मी तो पूर्वी ऐकला होता, धाकटीनं नव्हता. कारखान्याचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही, मीही घेत नाही. रात्रपाळी होती. दोन पंप शेजारीशेजारी, ए आणि बी. परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, बी लिहिलेलं. एमसीसीतल्या माणसानं फोनवर ऐकलं आणि ए चे फ्यूज काढले. ‘काढले’ असा निरोप आला. फिटरनं बी च्या कपलिंगवरचं गार्ड सोडायला घेतलं, तीन बोल्ट निघाले होते. मामांची सवय अशी, की कामाला हात लावायच्या आधी जागेवर स्टार्ट बटण दाबून बघायचं. त्या रात्री त्यांना पोचायला उशीर झाला आणि फिटरनं त्यांच्याआधी सुरुवात केली.

“हात काढ म्हणालो,” मामा म्हणाले, “आणि दाबलं. पंप फिरला. गार्ड एका बाजूनं लोंबत होतं, त्या फटीतून कपलिंगमधला लाल रबरी स्पायडर गरगरताना दिसला मला. फिटर मटकन खालीच बसला. तो लाल रंग मी विसरत नाही. पंपाशेजारी हँडल असतं तर त्यानं स्वतःच्या हातानं खाली केलं असतं. फोन नाही, निरोप नाही.”

धाकटी : मामा, त्याला हँडलनं नाही वाचवलं. तुमच्या स्टार्ट बटणानं वाचवलं.

मामा : तेही खरं.

अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता या मुद्द्यावर मामांच्या बाजूची आहे, असं मी मध्ये सुचवलं. तिच्या ४३० व्या कलमाप्रमाणं मोटरचा पुरवठा तोडणारा स्वीच मोटरवरून डोळ्यांना दिसला पाहिजे आणि पन्नास फुटांच्या आत असला पाहिजे. मामांचा चेहरा उजळला. धाकटीनं पुढचं वाचून दाखवलं. त्याच कलमात अपवाद आहे. असा स्वीच जवळ बसवल्यानं धोका वाढत असेल आणि कंट्रोलरपाशी कुलूप लावता येणारा स्वीच असेल, तर मोटरजवळचा वगळता येतो. धोका वाढण्याची जी उदाहरणं तिथं दिली आहेत त्यांत व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालणाऱ्या मोटरी आहेत आणि स्फोटाचा धोका असलेल्या जागेतल्या मोटरीही आहेत.

मामा : जवळ स्वीच दिल्यानं धोका वाढतो? कसा?

धाकटी : तुम्हीच शिकवलंय मला एफएलपी पेटी म्हणजे काय ते.

त्यांनी खरंच शिकवलं होतं, आणि ते इथं लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण माझ्या वर्गात येणाऱ्या निम्म्या लोकांचा या बाबतीत गैरसमज असतो. त्यांना वाटतं एफएलपी पेटीत गॅस शिरत नाही. गॅस शिरतो. आतल्या ठिणगीनं पेटतोही. पेटी इतकी दणकट असते की तो स्फोट पोटात घेते, आणि झाकण व पेटी यांच्यामधल्या घासून सपाट केलेल्या अरुंद फटीतून ज्वाळा बाहेर येता येता इतकी थंड होते की बाहेरचा गॅस पेटत नाही. ती फट किती चालेल हे गॅसवर ठरतं. प्रयोगात प्रोपेनची ज्वाळा ०.९२ मिलिमीटरपर्यंतच्या फटीत अडते, हायड्रोजनची मात्र ०.२९ ला. म्हणजे त्या सपाट काठावर पडलेला ओरखडा, त्यावर चढलेला गंज, कुणी हौसेनं मारलेला रंग किंवा न लावलेला एक बोल्ट, यांतली कुठलीही गोष्ट फट बिघडवायला पुरेशी आहे. पेटीवर नागपूरच्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता कोरलेली असते. ती मान्यता जशी पेटी बनली तशा पेटीला आहे. दोन बोल्ट गळालेल्या पेटीला कुणी मान्यता दिलेली नाही.

धाकटी : बारा पंप, म्हणजे बारा आयसोलेटर. प्रत्येकाला दोन ग्लँड, आठ-दहा बोल्ट, झोन १ मध्ये, उघड्यावर, तारापूरच्या पावसात आणि खाऱ्या हवेत. तीन वर्षांनी तपासणीला जाल तेव्हा किती पेट्यांचे सगळे बोल्ट जागेवर असतील?

मामा : ते मेंटेनन्सनं बघायचं.

धाकटी : बघतात का?

मामांनी उत्तर दिलं नाही. टेबलावर बोटानं एक चौकोन काढत राहिले.

धाकटी : आणखी एक. आयसोलेटर खाली केला, कुलूप लावलं. मोटरचा सप्लाय गेला. पण त्या पेटीच्या आत वरच्या तीन टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच उभे. एखाद्याला हँडल अडकलंय असं वाटलं आणि त्यानं झाकण उघडलं, तर झोन १ मध्ये जिवंत टर्मिनल उघडी पडली. एमसीसी झोनच्या बाहेर आहे. तिथं तोडलं की झोनमध्ये येणारी पॉवर केबल सुरुवातीपासूनच मेलेली. मला ते जास्त सुरक्षित वाटतं.

हा तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आत्ताही वाटतं. मामांना तो आवडला नाही, पण त्यांनी मान हलवली. मग तिनं त्याच्यावर आणखी एक ठेवला.

धाकटी : तुमच्या फिटरला पंपाजवळचं हँडल खाली दिसलं. स्वतःचं कुलूप त्यानं लावलं. डोळ्यांनी पाहिलं, म्हणून निर्धास्तपणे मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. आत स्पेस हीटरच्या दोन तारा. त्यांचं काय?

ज्यांनी मोठ्या मोटरींवर काम केलंय त्यांना इथं धस्स होईल. मोटर थंड असताना वाइंडिंगवर ओल धरू नये म्हणून आत एक छोटा हीटर असतो. तो मोटर चालू असताना बंद राहतो आणि मोटर थांबली की आपोआप चालू होतो. त्याचा २३० व्होल्टचा पुरवठा वेगळ्या सर्किटमधून, वेगळ्या केबलनं येतो. म्हणजे मोटर थांबवून मेन फीडर तोडल्यावर, जेव्हा माणसाला वाटतं की आता सगळं मेलं, नेमकी तेव्हाच त्या बॉक्समध्ये एक जिवंत जोडी बसलेली असते. मामांच्या पिढीतल्या किती जणांना तिचा झटका बसलाय ते मी ऐकलंय. झोन १ मध्ये झटका हा त्यातला लहान धोका. तार सुटून बॉक्सच्या धातूला टेकली तर ठिणगी उघड्यावर उडते.

मामा : हीटर मी विसरलो होतो.

धाकटी : तुम्ही नाही विसरलात. हँडल समोर असलं की कुणीही विसरतो.

मामा : मग तुझ्या एमसीसीत तरी हीटरचा फीडर आणि मोटरचा फीडर एकाच कुलपाखाली येतात का?

धाकटीनं ड्रॉइंग उलटलं, पाहिलं, आणि पेन्सिल काढली. येत नव्हते. हीटरचे सगळे फीडर एका वेगळ्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर गोळा केलेले होते, सोयीसाठी.

इथून वादाचा सूर बदलला. कुणी जिंकत नव्हतं आणि दोघंही ड्रॉइंगवर वाकले होते. मामांनी दिव्यांचा बोर्ड मागितला.

मामा : हे सिंगल पोल एमसीबी आहेत. फेज तुटली, न्यूट्रल सरळ लिंकवर. घरातल्यासारखं.

धाकटी : न्यूट्रल अर्थलाच बांधलेला असतो मामा.

मामा : कुठं? ट्रान्सफॉर्मरला. इथून किती लांब? मधल्या केबलीत बाकीच्या दिव्यांचा करंट परत जातोय, त्याचा ड्रॉप न्यूट्रलवर आहे. एक दिवा बंद करून, त्याची न्यूट्रल सोडताना ती बॉडीला लागली, तर? मी डोळ्यांनी पाहिलीय ती ठिणगी. टाचणीच्या डोक्याएवढी. निळी.

टाचणीच्या डोक्याएवढी ठिणगी टोल्युइनला पुरते. चौदावा भाग ‘सगळ्या तारा’ म्हणतो तेव्हा त्यात न्यूट्रल मुद्दाम येतो, आणि तपासणी-देखभालीचा सतरावा भागही आतला जिवंत भाग उघडा करण्याआधी न्यूट्रलसकट सगळ्या येणाऱ्या तारा तोडायला सांगतो. तोडणं म्हणजे फ्यूज आणि लिंक काढणं, किंवा आयसोलेटर खाली करून कुलूप घालणं, असा त्याचा साधा अर्थ तिथं दिलेला आहे. धाकटीनं बोर्डाभोवती वर्तुळ काढून शेजारी ‘डबल पोल’ लिहिलं. हात जरा जोरात चालला होता.

मग इमर्जन्सी आली. मामांना आवाराच्या फाटकाशी एक मोठं लाल बटण हवं होतं. गळती झाली, दाबलं, आवारातली सगळी वीज गेली. धाकटीच्या ड्रॉइंगमध्ये बटण होतं, पण त्यानं सगळी वीज जात नव्हती.

मामा : गॅस सुटल्यावर काय चालू ठेवायचंय तुला?

धाकटी : शेजारच्या इमारतीत रिॲक्टर आहे मामा. आत उष्णता सोडणारी रिॲक्शन. त्याचं ढवळणं आणि थंड पाणी बंद केलं तर गळतीपेक्षा मोठं संकट उभं राहील.

तिनं सेव्हेसोचं नाव घेतलं. इटलीत मेडा इथल्या इक्मेसा कारखान्यात १० जुलै १९७६ ला, शनिवारी, पाळी संपताना अर्धवट राहिलेल्या बॅचचं तापवणं आणि ढवळणं थांबवून माणसं घरी गेली. ढवळणं थांबलेल्या द्रवाचा वरचा थर भिंतीच्या उष्णतेनं तापत राहिला, काही तासांनी रिॲक्शन हाताबाहेर गेली आणि डायऑक्सिनचा ढग सेव्हेसो आणि आसपासच्या गावांवर पसरला. मोटर बंद केली म्हणजे सुरक्षित झालं, असं धरून चालता येत नाही. म्हणून जी यंत्रं थांबली तर धोका वाढतो त्यांना इमर्जन्सी बटणाच्या सर्किटमध्ये घेऊ नये, त्यांचं सर्किट वेगळं ठेवावं, असं चौदाव्या भागातही आहे.

मामा : बरं. पण मग ते बटण तरी जागेवर हवं. पंपाजवळ.

धाकटी : तिथं नको. बाहेर हवं. वाफ जिथं पसरली आहे तिकडं माणसाला पाठवायचं कशाला?

मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले ते मला फार आवडलं. “घरात गॅसचा वास आला तर तुझी मामी काय करते? बटणाला हात लावत नाही. चालू नाही, बंदही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि मेन बंद करायचा तो बाहेरच्या मीटरपाशी. तेच हे.”

अगदी तेच. इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या इंधन साठवण केंद्रात ११ डिसेंबर २००५ ला पहाटे एक टाकी भरून वाहू लागली आणि पेट्रोलची वाफ धुक्यासारखी पसरली. कुणीतरी योग्य तेच केलं, आगीच्या इशाऱ्याचं बटण दाबलं. त्याबरोबर आगीच्या पाण्याचा पंप सुरू झाला आणि जवळजवळ त्याच क्षणी स्फोट झाला. पंप सुरू होतानाच्या ठिणगीनंच वाफ पेटली असावी, असं चौकशीत निघालं. बटण दाबणाऱ्याची काही चूक नव्हती. वाफ जिथवर पोचू शकते तिथवरचा पंप तशा जागेसाठी बांधलेला नव्हता. हे उदाहरण मी प्रत्येक वर्गात सांगतो, कारण आपल्याकडंही झोनची रेघ टाकीभोवती काढतात आणि फायर पंप हाउसकडं कुणी बघत नाही.

चहा आला तेव्हा मामांनी पुन्हा आयसोलेटरवर बोट ठेवलं. ते सोडणार नव्हतेच.

मामा : सगळं मान्य. तरी एक सांग. रात्री दोन वाजता तुझ्या एमसीसीतलं कुलूप काढायला कोण जातं?

धाकटी : किल्ली ज्याच्याकडं तो.

मामा : किल्ली कुणाकडं?

धाकटी : शिफ्ट इंचार्जकडं.

मामा : मग ते कुलूप शिफ्ट इंचार्जचं आहे. पंपाशी बसलेल्या माणसाचं नाही.

यावर धाकटी खरोखर अडली, आणि मला वाटतं दिवसभरातला हाच मुद्दा सगळ्यांत मोलाचा होता. पायपर अल्फा या उत्तर समुद्रातल्या तेल-फलाटावर ६ जुलै १९८८ ला १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत जे समोर आलं ते असं. तिथला पंप ए दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला होता, वीज तोडलेली होती, आणि त्याच पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळ्या परमिटवर काढून तिथं नुसती आंधळी फ्लँज लावलेली होती. रात्री पंप बी बंद पडला. पाळीवरच्यांना पंपाचं परमिट दिसलं, व्हॉल्व्हचं नाही. त्यांनी ए ची वीज परत जोडली आणि तो सुरू करायला घेतला. वीज तोडलेली होती, पण ज्यानं व्हॉल्व्ह काढला त्याच्या नावाचं कुलूप त्या फीडरवर नव्हतं, म्हणून ती जोडता आली. तो पंप डोळ्यांसमोर असता, हँडल वीतभर अंतरावर असतं, तरी काही फरक पडला नसता.

धाकटी : म्हणजे जागेपेक्षा किल्ली महत्त्वाची.

मामा : दोन्ही. पण आधी किल्ली.

संध्याकाळी ड्रॉइंगवर पेन्सिलीच्या खुणा होत्या त्या अशा. प्रत्येक पंपाच्या एमसीसी कप्प्यात मोटर आणि तिचा स्पेस हीटर दोन्ही एकाच हँडलनं तुटतील आणि त्या हँडलवर सहा कुलपं बसतील असा हॅस्प. इलेक्ट्रिशियन, फिटर, इन्स्ट्रुमेंटवाला, प्रत्येकाचं आपलं कुलूप आणि आपल्याच खिशात किल्ली. दिव्यांचा बोर्ड डबल पोल. पंपाच्या पायावर आणि एमसीसीच्या दारावर एकाच रंगाच्या पाट्या, ए निळ्या, बी पिवळ्या, मराठीत आणि हिंदीत, कारण रात्रपाळीला ड्रॉइंग कुणी वाचत नाही. बारांपैकी दोन पंपांना जागेवर आयसोलेटर, कारण त्यांचे सील दर महिन्याला बदलावे लागतात. त्या दोन आयसोलेटरांना आधी सुटणारा सहायक संपर्क, म्हणजे हँडल फिरू लागताच पलीकडचा कॉन्टॅक्टर सोडेल आणि आयसोलेटर लोडखाली उघडणार नाही. आणि झाकणावर, आत सप्लाय जिवंत राहतो, अशी ठळक सूचना. मामांना बाराही हवे होते, धाकटीला एकही नको होता. दोघंही आपल्या जागी ठाम राहिले आणि हे दोन त्यातून निघाले. मला विचाराल तर धाकटीचं पारडं जड आहे. झोनमध्ये पेटी जितकी कमी तितकं बरं. पण एमसीसीचं कुलूप काम करणाऱ्याच्या हातात देणार नसाल तर तिचा सगळा युक्तिवाद कोसळतो, आणि मग मामांचं हँडल बाराही ठिकाणी लावा असं मी म्हणेन.

हा लेख वाचणाऱ्यांत कुणी तारापूरला, लोट्याला, महाडला, रोह्याला, कुरकुंभला किंवा कुठंही अशा आवारात काम करत असेल, तर उद्याच्या पाळीला एवढं करा. स्वतःच्या नावाचं कुलूप मागा. कुलूप लावल्यावर, गार्डला हात लावायच्या आधी, सगळ्यांना बाजूला करून जागेवरचं स्टार्ट बटण दाबून बघा. टर्मिनल बॉक्स उघडायच्या आधी हीटरचा सप्लाय कुठून येतो ते विचारा, मोटर व्हीएफडीवर असेल तर ड्राइव्हमधला चार्ज उतरायला पाटीवर लिहिलेली मिनिटं थांबा. गॅस मीटरचं रीडिंग शून्य आल्याशिवाय झाकण सोडू नका आणि साधा मल्टिमीटर आत नेऊ नका. बॉक्स परत लावताना सगळे बोल्ट मोजून लावा. आणि कुणी म्हणालं की मोटर बंदच आहे, लाव हात, तर त्याला विचारा की सप्लाय कुठं तोडलाय आणि किल्ली कुणाकडं आहे. उत्तर मिळेपर्यंत स्पॅनर खाली ठेवा.